सही मुलाची, यंत्र वडिलांना

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे असून आठवड्यातून दोनदा त्यांचे डायलिसिस होते. गेल्या महिन्यात रुग्णालयाने त्यांच्यासाठी अजून बाजारात न आलेले एक नवे यंत्र वापरले आणि त्या दोन खेपांचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी सकाळी खिडकीवर मिळालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी संमतीपत्रकही होते. पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत तिथे सह्या करा, एवढेच मला सांगितले आणि मी सह्या केल्या. वडिलांना कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या खेपेनंतर रात्रभर त्यांच्या पायात गोळे येत होते. माझी संमती पुरेशी होती का, आणि आता माघार घेता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमची सही पुरेशी नव्हती, आणि माघार आजही घेता येईल. वडील शुद्धीत आहेत, त्यांना सारे कळते. मग त्यांच्या शरीराबाबतचा निर्णय त्यांचाच. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका खटल्यात, केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेच्या आईची बाहेर संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय काढून टाकले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, आईची संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तिथे रुग्ण निदान बेशुद्ध तरी होती. तुमचे वडील तर चार पावलांवर खुर्चीत बसलेले होते, याचे मला फार वाईट वाटते.

आता यंत्राविषयी. रुग्णालयाने नव्याने विकत घेतलेले परवानाधारक यंत्र आणि अजून पारखायचे असलेले यंत्र, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र रुग्णाला लावणे म्हणजे उपचाराबरोबर संशोधनही करणे होय. १ जानेवारी २०१८ पासून लागू असलेल्या वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ नुसार अशा चाचणीसाठी केंद्रीय औषध नियामकाची परवानगी आणि नोंदणीकृत एथिक्स कमिटीची (रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणाऱ्या समितीची) मान्यता लागते, शिवाय पहिला रुग्ण घेण्यापूर्वी चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावी लागते. ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. त्यात यंत्राचा शोध घ्या आणि या चाचणीला मान्यता होती का, हे विचारणारा लेखी अर्ज एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना द्या.

संमतीपत्रकाबरोबर रुग्णाला समजेल अशा भाषेतले माहितीपत्रक द्यावे लागते. हे संशोधन आहे, ते किती दिवस चालेल, धोके कोणते, नेहमीच्या यंत्राचा पर्याय आहे का, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कशी मिळेल, नकार दिल्यास नेहमीच्या उपचारात काही कमी पडणार नाही, हे सारे त्यात असते. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर ते वाचून दाखवतात आणि सही झालेली प्रत रुग्णाला देतात. ही प्रत तुमच्याकडे नसेल तर आधी ती मागा. पैसे घेतले नाहीत म्हणून तुम्ही मिंधे झालेला नाही. चाचणीतल्या यंत्राचा खर्च रुग्णावर पडू नये हेच योग्य आहे.

पायातल्या गोळ्यांचे खापर मी लगेच यंत्रावर फोडणार नाही. डायलिसिसमध्ये पाणी फार वेगाने किंवा जास्त काढले गेले की परवाना असलेल्या यंत्रावरही गोळे येतात. पण दोष यंत्राचा की पाण्याच्या हिशेबाचा, हे ठरवण्यासाठीच तर चाचणी असते! म्हणून तारीख, वेळ, डायलिसिसच्या आधीचे आणि नंतरचे वजन लिहून डॉक्टरांना द्या आणि त्याची नोंद झाल्याची पोच घ्या. यंत्राचे मॉडेल आणि अनुक्रमांकही टिपून ठेवा. २०१० साली डीप्यू या कंपनीने जगभरातून परत मागवलेला तिचा ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा भारतात हजारो जणांना बसवलेला होता, पण त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा पुढे ठावठिकाणाच लागला नाही. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांना आपल्या शरीरात नेमके काय बसवले आहे हे सिद्ध करणेही कठीण गेले.

माघारीसाठी कारण द्यावे लागत नाही. वडिलांच्या सहीचे दोन ओळींचे पत्र पुरे. मात्र त्यांच्या वतीने तुम्ही परस्पर नकारही कळवू नका. पुढच्या खेपेआधी डॉक्टरांना त्यांच्या खुर्चीशेजारी बसून मराठीत सगळे समजावून सांगायला सांगा, वडिलांना हवे ते प्रश्न विचारू द्या, आणि घरी येऊन रात्रभर विचार करायलाही वेळ द्या.