२१ क्रेडिटचं सेमिस्टर आणि मेडिकलचा अर्ज

तुझा मेसेज दोनदा वाचला. नाशिकहून बारावी झाली, बाबांच्या ग्रीन कार्डमुळे जुलैत सगळं घर न्यू जर्सीला चाललंय, तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन पण झालीय, आणि प्लॅन असा की बायोकेमिस्ट्री आणि कॉम्प्युटर सायन्स दोन्ही मेजर (मुख्य विषय), वर सायकॉलॉजीचा मायनर (जोडविषय), दर सेमिस्टरला २० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयांचा लोड मोजायचं माप, साधारण १५-१६ घेतात), तीन वर्षांत डिग्री आणि लगेच मेडिकल. विचारलंयस की ताई, एवढं भरगच्च रेकॉर्ड बघून मेडिकल स्कूलवाल्यांवर छाप पडेल ना?

नाही पडत गं. आणि बरेचदा त्यानेच नुकसान होतं. मी कराडहून १८व्या वर्षी आले तेव्हा जवळपास हाच प्लॅन घेऊन आले होते, आता ओहायोत इंटरनल मेडिसिनची रेसिडेन्सी करतेय, पण मधली दोन वर्षं त्या प्लॅनमुळे गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इकडचं गणित कसं चालतं ते समजून घे, कारण आपल्या डोक्यात नीटची परीक्षा असते. तिकडे बारावीला जेमतेम पडले तरी नीटमध्ये ७२० पैकी चांगले आले की झालं, नाही आले तर ड्रॉप घेऊन परत बसायचं, जुना स्कोअर कोणी विचारत नाही. इकडे कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनचा प्रत्येक ग्रेड अर्जात जातो. एमडीसाठी (इकडे डॉक्टर व्हायची मूळ डिग्री हीच) बहुतेक सगळीकडे अ‍ॅमकॅस नावाच्या एकाच सिस्टिममधून अर्ज करतात, आणि ते लोक तुझा जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) स्वतः नव्याने काढतात, एक पूर्ण आणि एक फक्त बायो, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्सचा. एखादा विषय परत घेतलास तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. कोणत्या वर्षी किती क्रेडिट घेतले हे त्यांना दिसतं, पण २० घेतले म्हणून जादा काहीच मिळत नाही. गेल्या काही वर्षांत साधारण ५२ ते ५५ हजार अर्जदारांमागे २३ हजार सीट असं चाललंय, ज्यांना सीट मिळते त्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५११-५१२.

आता माझे आकडे सांगते. पहिल्या तीन सेमिस्टरना २०-२० क्रेडिट घेतले, ६० क्रेडिटला जीपीए ३.८. सगळे म्हणायला लागले की काय पोरगी आहे, आणि मलाही वाटलं आपल्याला जमतंय. चौथ्याला २१ घेतले. १८ च्या वर जायला सहीचा फॉर्म लागायचा, अ‍ॅडव्हायजरने दोन मिनिटांत सही केली, मेडिकलला जायचंय का हे विचारलंसुद्धा नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्री २ आणि लॅब, फिजिक्स २ आणि लॅब, सेल बायॉलॉजी, डेटा स्ट्रक्चर्स, लिनियर अल्जेब्रा, सगळं एकत्र. त्या सेमिस्टरला ३.० पडला. एकूण झाला ३.५९. मग बसून हिशोब केला तर उरलेल्या ३९ क्रेडिटमध्ये एकूण एक ए मिळवला असता तरी ३.७३ च्या वर जातच नव्हतं! पुढे परत पहिल्यासारखा ३.८ चा अभ्यास केला आणि डिग्री संपली ३.६६ वर, सायन्सचा तर त्याहून खाली. एका सेमिस्टरने हे केलं.

ते सेमिस्टर आठवलं की मला एक दुपार आठवते. ऑर्गॅनिकच्या लॅबला अ‍ॅसिटानिलाइडचं रिक्रिस्टलायझेशन होतं, म्हणजे गरम पाण्यात विरघळवायचं, गाळायचं आणि फ्लास्क टेबलावर ठेवून हळूहळू गार होऊ द्यायचा, तसं केलं की छान पांढरे चकचकीत पापुद्रे तयार होतात. मला चारला डेटा स्ट्रक्चर्सची क्विझ होती म्हणून मी गरम फ्लास्क तसाच बर्फात बसवला. खाली पिवळट पीठ बसलं, कारण घाईत गार केलं की क्रिस्टलमध्ये घाण अडकते, हे मला पाठ होतं. लॅबचा टीए (टीचिंग असिस्टंट) फ्लास्क उजेडाकडे धरून बघत राहिला, म्हणाला परत गरम करून ठेव, वीस मिनिटं थांब. मी नाही थांबले, तेच पीठ वजन करून देऊन पळाले. त्या सेमिस्टरला मी कुठल्याच गोष्टीला वीस मिनिटं दिली नाहीत आणि ऑर्गॅनिकला सी प्लस आला.

ग्रेडपेक्षा मोठं नुकसान पुढे कळलं. पहिल्या खेपेला १८ ठिकाणी अर्ज केला, एकच इंटरव्ह्यू आला. तिथल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, एखाद्या पेशंटशी तू शेवटचं पाच मिनिटं बसून कधी बोललीस? माझ्या नावावर हॉस्पिटलचे ४० तास होते, तेही ग्लोव्हजचे बॉक्स भरून ठेवण्याचे. मला उत्तर देता आलं नाही. कुठेच सीट मिळाली नाही, आईला फोन करून सांगताना जीव रडकुंडीला आला होता. मग दोन वर्षं एका नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलं, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, रात्री घाबरून उठले तर हात धरून बसणं, सोबत एकेक-दोन-दोन वरचे सायन्सचे कोर्स नीट ए घेऊन केले. दुसऱ्या खेपेला तीन इंटरव्ह्यू आले आणि तिन्ही ठिकाणी सगळ्यात जास्त बोलणं नर्सिंग होमबद्दलच झालं, दोन मेजरबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू १२ क्रेडिट घेऊन बसशील. अगदी हलकं रेकॉर्डही खटकतं त्यांना. दर सेमिस्टरला एकच सायन्स, अवघड विषय एकेकटे उन्हाळ्यात उरकलेले, असं दिसलं की प्रश्न पडतो की मेडिकल स्कूलचा लोड हिला झेपेल का. म्हणून १५-१६ क्रेडिट, त्यात दोन सायन्स लॅबसकट, कधीतरी तीन, आणि त्यात ए किंवा ए मायनस, एवढं दिसलं की त्यांचं समाधान होतं. पहिलं वर्ष कच्चं गेलेल्याने नंतर पूर्ण लोड घेऊन चांगले ग्रेड आणले तर त्याची दखल घेतात, पण तुझं अजून काही कच्चं गेलेलंच नाहीये.

तीन वर्षांचं तर डोक्यातून काढच. अर्ज जूनमध्ये जातो आणि कॉलेज सुरू होतं पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टला, म्हणजे तीन वर्षांत संपवायचं तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज. तोपर्यंत चारच सेमिस्टरचे ग्रेड, त्यातच एमकॅट, जी ब्रेक धरून साडेसात तासांची परीक्षा आहे आणि परत दिली तरी जुना स्कोअर दिसतोच. शिवाय ज्यांच्याकडून शिफारसपत्रं घ्यायची ते प्रोफेसर तुला ओळखणार कसे, २० क्रेडिटमध्ये त्यांच्या ऑफिस अवर्सना (मुलांना भेटायच्या वेळेत) जाऊन बसायला वेळ असतो का? इकडे अर्ध्याहून जास्त मुलं डिग्रीनंतर एखादं-दोन वर्षं थांबूनच मेडिकलला जातात. उशीर झाला असं कोणी मानत नाही, आपल्याकडे नातेवाईक मानतात तो भाग वेगळा.

कॉम्प्युटर सायन्स खरंच आवडत असेल तर सोडू नकोस, पण मेजर एकच ठेव आणि त्यातले आवडीचे तीन-चार कोर्स घे. पहिल्या सेमिस्टरला १४-१५ च्या वर जाऊ नकोस, नवा देश, नवी भाषा, शिकवायची पद्धत वेगळी, पहिली थंडी, त्यातच घर लावायचं. एखादा विषय हातातून जातोय असं वाटलं तर विथड्रॉची, म्हणजे विषय मध्येच सोडायची, शेवटची तारीख आधीच लिहून ठेव, तसा सोडल्याचा एखादा डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, सी मात्र धरतात. ग्रीन कार्ड आहे हे तुझं फार मोठं सुदैव समज, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेल्यांचे अर्ज बहुतेक मेडिकल स्कूल्स घेतच नाहीत, आणि सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, त्यामुळे न्यू जर्सीत राहण्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेव.

आणि निघायच्या आधी एक काम नाशिकमध्येच कर. लहानपणापासूनच्या लसींचे कागद शोध, हेपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या, सगळे, डॉक्टरांकडून एका कागदावर सही-शिक्का घेऊन आण. हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर करायला हे मागतात आणि टीबीची टेस्टही करतात. आपल्याला बीसीजी दिलेली असते म्हणून हातावरची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची टेस्ट करा असं स्पष्ट सांग, माझे यातच दीड महिने गेले होते. कोर्स निवडायची वेळ आली की यादी मला पाठव, फायनल करायच्या आधी.