जुन्या ट्रकचे इग्निशन मॉड्यूल पुन्हा पुन्हा का जाते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, म्हणून खालील सर्व उत्तरे कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल ट्रकांपुरती आहेत. साधारण १९७० च्या दशकात ज्या गाड्यांमध्ये करंट यांत्रिकपणे तोडणारे पॉइंट आणि त्यांचा कंडेन्सर जाऊन त्यांच्या जागी पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ ओळखणारा चुंबकीय सेन्सर) व तिच्या इशाऱ्यावर करंट तोडणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आले, त्यांची ही दुखणी आहेत.

प्रश्न : माझ्या १९७८ सालच्या ट्रकचे मॉड्यूल आठ महिन्यांत तीनदा बदलले. नवे बसवले की गाडी दोन-अडीच महिने उत्तम चालते आणि मग एके दिवशी चालता चालता बंद पडते. बाजारात हलका माल येतो म्हणून असे होते का?

माल हलका असू शकतो, परंतु एकापाठोपाठ तीन मॉड्यूल गेली असतील, तर मालाला दोष देण्याआधी मी ट्रक तपासेन. ठिणगीचे उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलच्या प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडच्या, गुंडाळीतला करंट सेकंदाला कित्येक वेळा सोडण्याचे आणि तोडण्याचे काम मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर करतो, आणि जादा व्होल्टेज, जादा करंट किंवा अंगातली उष्णता बाहेर न जाणे यांपैकी काहीही त्याला पुरेसे मारक ठरते.

सुरुवात चार्जिंगपासून करावी. इंजिन थोडे वेगात ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर मल्टीमीटर लावावा; १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर ठीक, पंधराच्या पुढे गेला तर व्होल्टेज रेग्युलेटर संशयित आहे. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर फिरवून तीच जागा पुन्हा मोजावी. तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असतो, आणि ही दुसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत. माझ्या स्वतःच्या ट्रकमध्ये मी दोन मॉड्यूल वाया घालवल्यावर दोष सापडला तो रेग्युलेटरच्या बोल्टखाली साचलेल्या गंजात: अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा जोड, नीट मिळत नसल्यामुळे रेग्युलेटरला बॅटरीचे व्होल्टेज कमी आहे असे वाटत होते आणि तो बिचारा चार्जिंग वाढवत राहिला होता.

मॉड्यूलचा अर्थही असाच पाहावा लागतो. क्रायस्लरच्या जुन्या पद्धतीत मॉड्यूलची धातूची पेटी हाच त्याचा अर्थ असतो. पेटीखालच्या पत्र्याला रंग दिलेला असेल तर बोल्ट कितीही आवळला तरी जोड कच्चाच राहतो. इंजिन चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे मॉड्यूलच्या अंगावर टेकवावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर रंग खरवडून पत्रा उघडा करावा आणि तेथून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र वायर टाकावी.

जनरल मोटर्सच्या १९७५ पासून सर्रास आलेल्या एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) पद्धतीत मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, पोटातच बसते. तेथे त्याच्या तळाला उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा पातळ थर द्यावाच लागतो, कारण त्याची उष्णता खालच्या धातूतूनच बाहेर पडते. नव्या मॉड्यूलबरोबर आलेली छोटी पुडी अनेकदा न उघडताच फेकली जाते, आणि दोन-अडीच महिन्यांचे आयुष्य ऐकले की मला सर्वांत आधी तीच आठवते.

प्रश्न : गाडी पाऊण तास चालली की बंद पडते आणि वीस मिनिटे थांबल्यावर काही न करता सुरू होते. मॉड्यूल काढून तपासून आणले तर ते चांगले असल्याचे सांगतात. दोष कसा पकडावा?

थंड झालेले मॉड्यूल टेस्टरवर चांगलेच दिसणार. असा दोष गाडी बंद पडलेली असतानाच पकडावा लागतो, म्हणून मल्टीमीटर, ठिणगी पाहण्याचा टेस्टर आणि एक ओले फडके गाडीत बरोबर ठेवावे.

गाडी थांबताच प्रथम ठिणगी पाहावी. ठिणगी येत असेल तर दोष इंधनाकडे आहे आणि इग्निशनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरकडून येणारा पिकअपचा कनेक्टर सोडून त्याच्या दोन वायरींमधला रोध मोजावा. क्रायस्लरच्या पिकअपसाठी १५० ते ९०० ओहम, एचईआयसाठी ५०० ते १५०० ओहम इतका रोध अपेक्षित असतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर आतली वायर तुटलेली आहे. आणि दोनपैकी कोणतीही वायर अंगाशी, म्हणजे अर्थशी, जोडलेली दिसली तर पिकअप शॉर्ट आहे.

मीटर लावलेला असतानाच व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) दांडा हाताने पुढे-मागे हलवून पाहावा. त्या हालचालीबरोबर पिकअपच्या बारीक वायरी वर्षानुवर्षे वाकत असतात, आणि आतले तांबे तुटले तरी वरचे आवरण अखंड राहते. वायर चिमटीत धरून हलकेच ओढावी: तांबे शाबूत असेल तर ती ताठ राहते, तुटले असेल त्या जागी आवरण रबरासारखे लांबते. हा दोष मॉड्यूलच्या नावावर किती वेळा खपतो याची गणतीच नाही. पिकअप बदलल्यास क्रायस्लरमध्ये रिलक्टरच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या दातेरी चाकाच्या, दात्यापासूनचे अंतर पितळेच्या फीलर गेजने (फट मोजायच्या पट्टीने), ०.००६ किंवा ०.००८ इंच, जे त्या वर्षाच्या पुस्तिकेत असेल ते, लावावे. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि माप फसते.

पिकअप ठीक निघाला तर ओले फडके आधी कॉइलवर ठेवून पाहावे, मग बाहेर बसवलेल्या मॉड्यूलवर. ज्याच्यावर ठेवल्यावर मिनिटभरात ठिणगी परत येते, तो भाग बदलावा.

प्रश्न : सेल्फ मारताना इंजिन पेटते, परंतु चावी सोडताच बंद होते.

सेल्फ मारताना कॉइलला तिचा करंट कमी ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर टाळून थेट करंट मिळतो आणि चावी मागे आल्यावर तो रेझिस्टरमधून येतो. म्हणून बॅलास्ट रेझिस्टर उडाला आहे किंवा इग्निशन स्विचचा चालू अवस्थेतला संपर्क गेला आहे, या दोनच गोष्टी पाहाव्यात. चावी चालू करून रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावला की उत्तर मिळते: एका टोकाला दिवा लागला आणि दुसऱ्याला लागला नाही तर रेझिस्टर, दोन्हीकडे लागला नाही तर स्विच किंवा तिथवरची वायर. मॉड्यूलला हात लावू नये.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले. आता जुनी कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि एक मॉड्यूलही जळले.

किट बसवताना बॅलास्ट रेझिस्टर काढून टाकला असावा असे दिसते. हिशेब सोपा आहे: जुन्या कॉइलची प्रायमरी समजा १.५ ओहम आणि रेझिस्टरही १.५ ओहम असेल, तर १४ व्होल्टवर साधारण ४.७ अँपियर करंट वाहतो. रेझिस्टर काढताच तो ९ अँपियरच्या पुढे जातो. ज्या मॉड्यूलमध्ये करंटवर मर्यादा घालणारी यंत्रणा नाही, ते हा भार फार दिवस सोसत नाही. किटच्या पत्रकात कॉइलचा किमान रोध दिलेला असतो. आपल्या कॉइलचा रोध थंड असताना मोजून त्याच्याशी ताडून पाहावा आणि कमी पडल्यास रेझिस्टर परत बसवावा किंवा कॉइल बदलावी.

एचईआय पद्धतीचे मॉड्यूल घेतले असेल तर प्रकरण उलटे होते. ते करंट स्वतःच मर्यादित करते, त्यामुळे त्याला आणि त्याच्या कॉइलला बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज द्यावे लागते. जुनी रेझिस्टर वायर तशीच ठेवली तर ठिणगी दुबळी पडते.

प्रश्न : दमट सकाळी इंजिन मिस मारते आणि कधी कधी कार्ब्युरेटरमधून फटका येतो. हाही मॉड्यूलचाच दोष का?

बहुधा नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून उजेडात पाहावी. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी त्या वाटेने भलत्याच सिलिंडरला जात आहे. कॅपखाली फिरणारा रोटर उलटा करून मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे जळके छिद्र आहे का तेही पाहावे. मिस मारणारा सिलिंडर शोधण्यासाठी चालू इंजिनातून प्लगची वायर उपटण्याची सवय मात्र सोडावी: जायला जागा न मिळालेले हजारो व्होल्ट कॉइलचे इन्सुलेशन, रोटर आणि मॉड्यूल यांच्यातूनच वाट काढतात.

प्रश्न : या सगळ्या कटकटीपेक्षा परत पॉइंट बसवावेत का?

मी बसवणार नाही. पॉइंटही झिजतात, आणि चार्जिंग व अर्थ बिघडलेले असतील तर ते त्यांनाही जाळतात. त्याऐवजी एक जादा मॉड्यूल घ्यावे, ते गाडीला लावून आठवडाभर चालवावे, आणि मग जुने परत बसवून हे तपासलेले मॉड्यूल लागणाऱ्या पान्यासह डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. डब्यातून न काढलेले नवे मॉड्यूल रस्त्यात लावायची वेळ आली, तर ते मुळात चालू आहे की नाही हेच कळत नाही.