प्रश्न वाचकांचे : मेगापिक्सेल वाढले की नॉइज वाढतो?

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. कार्यालयांत प्रकाश बहुधा अपुराच असतो. सोनीचा २४ मेगापिक्सेलचा ए७ थ्री घ्यावा की ६१ मेगापिक्सेलचा ए७आर फोर, हे ठरत नाही. पिक्सेल लहान असले की नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो, असे सगळेच सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अर्धेच खरे आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर (प्रकाश टिपणारे फलक) सुमारे ३६ × २४ मिलिमीटरचे असल्याने तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर आणि तोच शटरस्पीड ठेवल्यास दोहोंवर पडणारा एकूण प्रकाश सारखाच असतो. तो पहिल्यात सुमारे ६ मायक्रॉनच्या, तर दुसऱ्यात ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलांत वाटला जातो. संगणकावर शंभर टक्क्यांवर पाहिल्यास दुसऱ्याचे चित्र अधिक दाणेदार दिसते, कारण ते आपण अधिक मोठे करून पाहत असतो. अल्बमसाठी दोन्हींची १२ × १८ इंची प्रत काढली, तर फरक शोधावा लागेल.

त्यापेक्षा एक बारकावा अधिक उपयोगी आहे. ए७ थ्रीचा सेन्सर आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) ६४० पासून विद्युत संकेत वाढवण्याची वेगळी, कमी नॉइजची पातळी वापरतो. त्यामुळे प्रकाश तितकाच मिळाला, तरी वराच्या काळ्या शेरवानीच्या चुण्या आयएसओ ५०० पेक्षा ६४० वर स्वच्छ उतरतात. आयएसओ जितका कमी तितके चांगले, हा नियम इथे चालत नाही.

तुमच्या कामात खरी अडचण येते ती सेन्सर वाचला जाण्याच्या वेगाची. ए७आर फोरमध्ये इलेक्ट्रॉनिक शटरने (यांत्रिक पडदा न हलवता) पूर्ण फ्रेम ओळीओळीने वाचायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने कार्यालयातले अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरस्पीड जास्त असेल, तर एकाच छायाचित्रात दहाएक आडवे पट्टे उमटू शकतात. ए७ थ्रीही याबाबतीत फारसा वेगवान नाही. तेव्हा दोन्हींत यांत्रिक शटरच वापरावे. (मंगलाष्टकांच्या गजरात त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार?) स्टॅक्ड (थरांवर थर रचलेल्या, वेगवान) सेन्सरच्या निकॉन झेड८ मध्ये हेच वाचन सुमारे १/२७० सेकंदात होते, आणि सोनीच्याच ए९ थ्रीचा ग्लोबल शटर सर्व ओळी एकदमच टिपतो; मात्र त्याचा किमान मूळ आयएसओ २५० आहे आणि किंमतही बरीच जास्त आहे.

६१ मेगापिक्सेलचा खरा लाभ मोठ्या प्रती काढणाऱ्यांना आणि छायाचित्र खूप कातरणाऱ्यांना, म्हणजे उदाहरणार्थ पक्षी टिपणाऱ्यांना होतो. तुमच्या वाट्याला मात्र दर अनकॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या) फाइलमागे सुमारे ४८ ऐवजी १२२ मेगाबाइट येतील. म्हणून ए७ थ्री घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत एफ/१.८ ची ८५ मिलिमीटर प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यावी, एफ/२.८ च्या झूमपेक्षा ती जवळपास अडीचपट प्रकाश आत घेते.