फोन कामगाराचा, माहिती कारखान्याची

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचा मासळी प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. खरेदीवाले, सुपरवायझर, ड्रायव्हर असे नऊ जण स्वतःच्याच फोनवर काम करतात. दर, ग्राहकांचे नंबर, गाडीचे तापमान सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर येते-जाते. एक सुपरवायझर नोकरी सोडून गेला आणि ग्राहकांशी झालेले सगळे बोलणे त्याच्या नंबरवरच राहिले. सगळ्यांना फोन घेऊन देणे परवडत नाही. काय करावे?

उत्तर : फोन देऊ नका, नंबर द्या. कारखान्याच्या नावावर एक सिम घ्या, ते ऑफिसातल्या एखाद्या साध्या स्मार्टफोनमध्ये घाला आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून त्याच खात्याला आणखी चार उपकरणे जोडता येतात. माणसाने आपल्या फोनवर बिझनेसचे अ‍ॅप टाकून ते जोडून घ्यायचे. त्याचे घरचे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या जागी तसेच राहते. तो सोडून गेला की ऑफिसच्या फोनवरून त्याचे उपकरण ‘लॉग आउट’ करा. ग्राहक आणि संभाषण तुमच्याकडेच राहते. त्याने गॅलरीत जतन केलेले फोटो मात्र तिथेच राहतात, म्हणून आलेले फोटो गॅलरीत दाखवणारी ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ ही सेटिंग जोडतानाच बंद करून घ्या.

नऊ जणांना चार जागा पुरणार नाहीत असे वाटेल. पण ड्रायव्हरला दर कशाला कळायला हवेत? खरेदीचा एक नंबर, विक्रीचा दुसरा. ड्रायव्हरांसाठी फक्त गाडी आणि तापमानाचा वेगळा ग्रुप ठेवा. ग्रुपचा अ‍ॅडमिन कारखान्याचाच नंबर असू द्या.

यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. ऑफिसचा मुख्य फोन 14 दिवस वापरलाच नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप सुटतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तो कपाटात पडून राहतो आणि हंगाम सुरू झाला की सगळ्यांची पळापळ होते. दुसरा घोळ टू-स्टेप पिनचा, म्हणजे नंबर नव्या फोनवर घेताना व्हॉट्सअ‍ॅप मागते त्या पिनचा. तो एकाच माणसाला ठाऊक असेल आणि सोबत ई-मेल दिलेला नसेल, तर नंबर नव्या फोनवर घेताना 7 दिवस थांबावे लागते. पिन लिहून तिजोरीत ठेवा आणि ई-मेल कारखान्याचा द्या.

आता लॉककडे वळू, कारण खरी गळती तिथे आहे. बर्फात आणि कोळंबीच्या पाण्यात तासभर हात घातला की कातडी पांढरी पडून सुरकुतते. फिंगरप्रिंट घेत नाही, फोन पुन्हा पुन्हा पिन मागतो, आणि माणूस कंटाळून लॉकच काढून टाकतो. त्याला रागावून उपयोग नाही. फिंगरप्रिंटच्या भरवशावर न राहता सहा आकडी पिन ठेवायला सांगा, 123456 किंवा जन्मतारीख नको. फोन पारदर्शक झिप पाऊचमध्ये ठेवला तर वरूनच पिन दाबता येतो, फक्त पाऊच आधी पुसून घ्यावा लागतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कोणतीही एपीके फाइल (उघडली की फोनवर अ‍ॅप बसवणारी) उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की आरटीओचे चलन म्हणून. ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅपसाठी बंद आहे का, ते प्रत्येक फोनवर समोर बसून पाहा.

प्रश्न : चिपळूणला एका कंपनीत आहे. ऑफिस माझ्या फोनवर स्वतःचे अ‍ॅप टाकायला सांगते. त्यांना माझे फोटो दिसतील का? नोकरी सोडल्यावर सगळा फोन पुसतील का?

उत्तर : कोणत्या पद्धतीने टाकतात त्यावर आहे. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर काळजी नाही. ऑफिसची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात जातात, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. ऑफिसला फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि त्या कप्प्यातली अ‍ॅप्स दिसतात. तुमचे फोटो, मेसेज, कॉल दिसत नाहीत. पुसले तरी तेवढाच कप्पा जातो. ड्युटी संपली की तो बंदही ठेवता येतो.

सावध व्हायच्या खुणा दोन. सुरुवातीलाच फोन फॅक्टरी रीसेट करायला, म्हणजे सगळे पुसून कोरा करायला सांगितले, तर ती कंपनीच्या मालकीच्या फोनची पद्धत आहे. तुमच्या फोनवर ती नको. किंवा अ‍ॅपला फोनवर ताबा देणाऱ्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’च्या परवानगीत ‘सर्व डेटा पुसणे’ असे लिहिलेले दिसले, तर ‘सुरू करा’ दाबण्याआधी लेखी विचारा. ऑफिसच्या ई-मेलच्या काही जुन्या जोडण्यांत खरोखरच अख्खा फोन पुसता येतो.

*#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा. फोन हरवला तर आधी सिम बंद करा, कारण ओटीपी त्यावरच येतात. मग ऑफिसला कळवून कप्पा पुसायला सांगा, आणि पोलीस तक्रारीची प्रत घेऊन ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. ब्लॉक केल्याने आतला डेटा पुसला जात नाही. ऑफिसचा पुसण्याचा हुकूमही फोन नेटवर्कवर आल्यावरच चालतो, म्हणून कळवायला उशीर नको.

प्रश्न : तारकर्लीला आमचे होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आधारचे फोटो कामाला असलेली मुले आपल्याच फोनने काढून ग्रुपवर टाकतात. चालेल का?

उत्तर : नाही. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर पाहुण्याचे आधार जाऊन बसते. पाहुण्यांकडून शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार मागा आणि फोटो लागलाच तर काउंटरवरच्या एकाच उपकरणावर काढा. जुने फोटो मुलांच्या गॅलरीतून काढले म्हणजे गेले असे समजू नका. बॅकअप चालू असेल तर ते गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस पडून असतात. ट्रॅशही समोर बसून रिकामा करून घ्या.