पहिल्या वृक्षारोपणाला निघण्याआधी
पावसाळा लागला की मुंबईत दर रविवारी कुठे ना कुठे वृक्षारोपण असतंच, त्यामुळे संस्था शोधायला त्रास नाही. मात्र किती झाडं लावली हे विचारू नकोस. मार्च ते मे पाणी कोण घालतं आणि गेल्या पावसाळ्यातली किती रोपं उभी आहेत, ते विचार. उत्तरादाखल नुसते बॅनरसकटचे फोटो पुढे आले, तर सरळ दुसरी संस्था बघ.

रोपांची यादीही मागून घे. करंज, बहावा, पळस, कुंभा, काटेसावर ही आपल्याकडची झाडं. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ भराभर वाढतात म्हणून खपवली जातात, पण ती बाहेरची. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आहे ना, बघून घे. मियावाकी, म्हणजे थोड्या जागेत खूप झाडं दाटीने लावायची जपानी पद्धत, शहरातल्या एखाद्या प्लॉटवर ठीक. गवताळ माळावर नको. गवत म्हणजे ओसाड जागा नव्हे, हे अजून पुष्कळांच्या गळी उतरत नाही.

लावताना घाई करू नकोस. पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभी चिरायची. मातीचा गोळा फुटला की बारीक मुळं तुटतात. तळाशी मुळांचा वेटोळा दिसला तर हलक्या हाताने मोकळा कर. खोड मुळाला मिळतं तिथपर्यंतच माती, वर ढीग नको. आधाराच्या बांबूला रोप सुतळीने सैल बांध. रिकाम्या पिशव्या गोळा करून परत आण.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, डास फोडून काढतात. आणि नवे बूट घरीच ठेव.