विजया तेल घेऊन झोप उशिरा येते आणि सकाळी डोकं जड राहतं, ते का?

तुम्ही विचारलंय: वैद्यांनी दिलेलं विजया तेल (गांजाच्या झाडापासूनचं आयुर्वेदिक तेल), ज्यात टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) समप्रमाणात आहेत, रात्री ११ ला १० थेंब घेतो, तरी १ वाजेपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळी १० पर्यंत गुंगी राहते, ही गुंगी सीबीडीची का?

बहुधा नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ माझ्या मते टीएचसीच्या वेळेत आहे.

पोटातून गेलेलं टीएचसी सावकाश चढतं. अर्ध्या ते दीड तासाने असर जाणवतो, दोन-तीन तासांनी कळस येतो आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त, तो टिकतो. यकृतात त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं आणि तेही चांगलंच गुंगवतं. म्हणजे ११ ला घेतलेल्याचा कळस १-२ वाजता आणि उतार थेट सकाळी. त्यात तूप किंवा सायीचं दूध असेल तर शोषण आणखी वाढतं. होळीला भांगेच्या थंडाईचा पहिला पेला ‘चढला नाही’ म्हणून लगेच दुसरा घेणारे याच हिशेबात फसतात.

आता सीबीडी. २००४ च्या एका छोट्या प्रयोगात ८ निरोगी तरुणांना रात्री १५ मिलिग्रॅम टीएचसी दिलं, तेव्हा सकाळी झोपाळूपणा आला आणि स्मरणशक्ती मंदावली. त्यात १५ मिलिग्रॅम सीबीडी मिसळल्यावर उलट रात्रीची जाग वाढली. १९८१ मध्ये ब्राझीलच्या अभ्यासात मात्र १६० मिलिग्रॅम सीबीडीने निद्रानाश असलेल्यांची झोप लांबली. मात्रेचा फरक बघा.

तो थेंबांत मोजा. ३० मिलिलिटरच्या बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम, निम्मं-निम्मं असेल, तर दर मिलिलिटरला दोन्ही साधारण १६-१७ मिलिग्रॅम. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तुमच्या १० थेंबांत ८ मिलिग्रॅम टीएचसी आणि ८ मिलिग्रॅम सीबीडी. एवढ्याशा सीबीडीकडून झोपेची अपेक्षा नको. आणि सीबीडीसाठी थेंब वाढवाल तर टीएचसीही तेवढंच वाढेल. लेबलावरचा आकडा टीएचसीचा, सीबीडीचा की दोन्हींचा, हे आधी वाचा.

सीबीडी भरपूर घातलं की काम होतं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात निद्रानाशाच्या २० रुग्णांना १० मिलिग्रॅम टीएचसी आणि २०० मिलिग्रॅम सीबीडीची एक मात्रा दिली, तर एकूण झोप सुमारे २५ मिनिटांनी घटली आणि स्वप्नांची झोप तासाभराने उशिरा सुरू झाली.

गांजातलाच आणखी एक घटक म्हणजे सीबीएन; टीएचसी हवा-उजेडात जुनं होताना तो बनतो. जुना गांजा जास्त झोप आणतो, ही समजूत तिथली. २०२३ च्या चाचणीत २० मिलिग्रॅम सीबीएनने रात्रीची जाग कमी झाली, पण झोप लवकर लागली नाही. सीबीजी, टीएचसीव्ही हे गांजातले इतर घटक ‘तरतरीसाठी’ म्हणून विकतात. त्यावर पैसे घालवू नका.

वैद्यांशी बोलून असं करून पाहा. वेळ ११ ऐवजी ९, थेंब तेवढेच, जेवण रोज सारखं. सात रात्री वहीत लिहा: वेळ, थेंब, झोप कधी लागली, किती वेळा जाग आली, सकाळी ८ ला डोकं कसं होतं. त्यानंतरही जडपणा उरला तर थेंब निम्मे. दोन्ही बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. झोप आली नाही म्हणून त्याच रात्री पुन्हा थेंब घ्यायचे नाहीत, आणि गुंगी असेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

कित्येक महिने रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. टीएचसी स्वप्नांची झोप दाबतं. ते थांबलं की एक-दोन दिवसांत झोप उडते, भडक स्वप्नं पडतात, आणि पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वात जास्त असतो. ‘तेलाशिवाय झोपच येत नाही’ असं समजून लोक तिथेच परत सुरू करतात.

घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी त्याची तपासणी करा. अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच स्लीप ॲप्नियासाठी गांजाजन्य औषध वापरू नये असं सांगितलंय. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा क्लोबाझाम (फिट्सचं औषध) चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांनाही तेलाबद्दल सांगा: सीबीडी यकृतातली विकरं अडवतं, त्यामुळे वॉरफरिनने रक्त जास्त पातळ होऊ शकतं आणि क्लोबाझामची सुस्ती वाढते.