तारा बसवल्या, आता जेवणाचं काय?

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलीला परवा दातांना तारा बसवल्या. धड जेवत नाही, गाल आतून सोलवटलाय म्हणते. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, पहिले तीन-चार दिवस दात ठणकतातच. तोवर गुरगुट्या भात, मुगाचं वरण, दुधात कुस्करलेली पोळी द्या. गालासाठी दंतवैद्यांकडे मेण मिळतं. वाटाण्याएवढी गोळी बोटांत मळा, ब्रॅकेट (दातावर चिकटवलेलं, तार धरून ठेवणारं छोटं बटण) कापसाने कोरडं करा, मग गोळी त्यावर दाबून बसवा. ओल्यावर ती टिकत नाही, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरू द्या. चिक्की, ऊस बंद. मक्याचे दाणे सोडवून, उकडून दिले तर चालतील. एवढी सूट मी माझ्या पेशंटांना देते. तारेचं टोक टोचत असेल तर घरी पकड लावू नका (तिच्या बाबांना आधी सांगा!), दवाखान्यात न्या.